बुडक्या तळ्यावरचा योगायोग

रविवारी आम्ही बुडकं तळं बघून आलो. सोमवारपासून गल्लीतल्या बायका विचारतायत, "शालन, तळं कसं हाय गं?" मी म्हणते, "चांगलं हाय." त्यापुढे माझ्या तोंडून शब्द निघत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझे हात पदराशी चाळा करायला लागतात. लिहिताना तसं होत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहायची सवय मी सोडलेली नाही. कारखान्याकडून मिळालेली डायरी विजूने अर्धीच वापरली आहे. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते.

तळं कुठे आहे ते आधी सांगते. आमच्या वडूजकडून विट्यामार्गे सांगलीला जाताना एक मोठा माळ लागतो. झाड नाही, घर नाही. रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाची दोन गुऱ्हाळं, भाजलेल्या कणसांची गाडी आणि पन्नासेक गाड्या उभ्या राहतील असं मैदान. गाडीतून बघणाऱ्याला वाटतं, ही माणसं या बोडक्या माळावर कशाला उतरली आहेत? पण मैदान ओलांडून वीस पावलं पुढे गेलं की एकाएकी जमीनच संपते. कुणीतरी भाकरीच्या पिठात मूठ दाबावी तसा माळ आत गेलेला आहे. चारी बाजूंनी काळा कातळ, आणि खाली खोलवर हिरवंगार पाणी. मी तर दोन पावलं मागेच सरले.

जायचं कारण

तळं बघायला म्हणून आम्ही गेलोच नव्हतो. विजूसाठी मुलगी बघायला गेलो होतो.

विजू माझा एकुलता मुलगा. चौतिसावं लागलं आहे. ऊस आहे, थोडं डाळिंब आहे, सहा म्हशी आहेत, अंगात कसलं व्यसन नाही. पण मुली देणाऱ्यांना पुण्याची नोकरी लागते. गेल्या वर्षी एक स्थळ आमच्या घरी आलं होतं. त्यांनी चहा घेतला, गोठा बघितला आणि संध्याकाळी फोनवर नकार कळवला. दुसऱ्या दिवशी डेअरीवर जो तो विजूला विचारत होता, "काय झालं रं?" पुढे आठवडाभर तो डेअरीवर गेला नाही, दूध ह्यांनीच पोचवलं. त्याचं जेवण निम्म्यावर आलं होतं. तेव्हा मी मनाशी ठरवलं की आता घरी कुणाला बोलवायचं नाही. पोराला असं पुन्हा बसलेलं मला बघवणार नाही.

यावर आमच्या चुलत दिरांनी उपाय काढला. ते पलटणीतून सुभेदार होऊन आलेले आहेत आणि अजून सगळं हुकमानेच करतात. त्यांनी माधवनगरजवळचं पाटलांचं स्थळ आणलं. मुलीकडच्यांनी फोटो द्यायला नकार दिला, कारण फोटो एकदा मोबाईलवर गेला की तालुकाभर फिरतो. त्यांनाही गवगवा नकोच होता.

"वैनी, ध्यान देऊन ऐका," सुभेदार भावजी म्हणाले. "रविवारी अकरा वाजता बुडकं तळं. पायऱ्या उतरलं की दुसरी छत्री. तुमी तळं बघायला आला, त्येनी तळं बघायला आले. योगायोगानं शेजारी बसला. 'आमी मुलगी बघायला आलोय' असं कुणी म्हणजे कुणी तोंडातनं काढायचं न्हाई. बोलता बोलता समदं कळतंय. जमलं तर जमलं, न्हाई तर आपापल्या गाडीत बसायचं. गावाला पत्ता न्हाई."

"आन् पोहे कुणी करायचे?" वन्संनी विचारलं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. बोलायचं काम असलं की मी त्यांनाच पुढे करते.

"पोहे आपुन करायचे. आता मुलाकडच्यानीच पोहे करायचे दिवस आलेत."

म्हणून पहाटे उठून मी दोन किलोचे कांदेपोहे केले, वर बटाटा घातला. पिशवीत नारळ, खण, कुंकवाची डबी ठेवली. हे म्हशींच्या धारेसाठी घरी राहिले. विजू गाडी चालवायला, मी मागे आणि वन्सं पुढे. भावजी सांगलीकडून मुलीच्या माणसांबरोबर येणार होते.

छत्रीखाली

तळ्यात उतरायला रुंद सिमेंटच्या पायऱ्या आहेत, आणि खाली काठाला लोकांना बसायला खांबावरच्या छत्र्या. वरच्या काठावर मोठ्या लाल अक्षरांत तळ्याचं नाव उभं केलं आहे. त्यातलं एक अक्षर वाऱ्याने पडलं आहे, आणि त्या मोकळ्या जागेत उभं राहून लोक फोटो काढतात. खाली पाण्यात पायाने चालवायच्या हंसाच्या होड्या. चार हंसांपैकी एकाची मान मोडली होती, ती सुतळीने बांधली होती.

खाली खाकी कपड्यातले एक म्हातारेबुवा माहिती सांगत होते. "ह्या तळ्याला तळ न्हाई. आमच्या आज्याच्या वक्ताला बारा बाजांचं सुंभ एकाला एक बांधून सोडलं, तरीबी तळ लागला न्हाई." लोक माना डोलवत होते. त्यांच्या पाठीमागे होडीवाला कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हंस ढकलत होता. एका बाईने तिकडे बोट दाखवलं तेव्हा बुवा म्हणाले, "तो त्येचा अनुभव हाय. रोज हितंच असतो."

दुसऱ्या छत्रीखाली खरोखरच एक कुटुंब बसलेलं होतं. नवरा, बायको आणि चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. मुलगी सावळी, तरतरीत, डोळ्यांत हसू. मला बघताक्षणी आवडली. भावजी कुठे दिसेनात. खाली मोबाईलला रेंज नव्हती. विजू गाडी लावून मागून यायचा होता.

वन्सं सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "तळं बघायला आलाय न्हवं?" असं म्हणून त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"व्हय, तळं बघायलाच," ती बाई म्हणाली.

"आमीबी तळंच बघायला आलोय. पाटील का तुमी?"

"व्हय की. तुमी कसं वळखलं?"

"योगायोगानं," वन्सं म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. माणसं मोकळी होती. माधवनगरच्या पलीकडे त्यांची द्राक्षबाग होती. मुलीचं नाव स्नेहल. भावजींनी मुलीचं नाव सांगितलं नव्हतं, नाव फुटलं की गाव शोधून काढतं म्हणून. विजू आला, नमस्कार करून कडेला बसला. पाटलांनी त्याला उसाचं विचारलं. एरवी अशा वेळी विजू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरतो. पण आज तो बोलायला लागला. ठिबक, रानडुकरं, म्हशींची वेतं. स्नेहलनेच त्याला विचारलं, "म्हशीला नावं ठेवलीत का?" आणि त्याने सहाही नावं सांगितली. चार-पाच स्थळांत मिळून तो एवढं बोलला नसेल.

मग वन्संनी तपासणी सुरू केली. आमच्याकडे मुलगी बघताना तिला चालायला लावतात, वाचायला लावतात, उंची बघतात. मला स्वतःला हे आवडत नाही. मला बघायला आले होते तेव्हा परसातून विहिरीपर्यंत चालायला लावलं होतं, आणि मी इतकी लाजले की घागर तिथेच ठेवून आले. पण वन्संना अडवणार कोण?

"बाळ, माझा चष्मा ऱ्हायला गं घरी," वन्सं म्हणाल्या. चष्मा त्यांच्या कमरेला होता. "तेवढी ती पाटी वाचून दाखवतीस का?"

स्नेहल उठली, झपाझप चालत पाटीपाशी गेली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली. तिथे असं लिहिलं आहे की पूर्वी या जागी सपाट माळ होता. खालचा खडक पोकळ होता, तो ढासळला आणि जमीन खचून हे तळं झालं. लोक सांगतात की त्या वेळी माळावर एक वऱ्हाड उतरलेलं होतं, ते नवरा-नवरी, वाजंत्री, बैलगाड्या यांसकट आत गडप झालं. पलीकडच्या काठाच्या दगडी पायऱ्या नंतर कोणा सरदाराने बांधल्या.

"चाल चांगली हाय," वन्सं माझ्या कानात म्हणाल्या. "दमबी न्हाई लागला."

"वन्सं, हितं वऱ्हाड बुडलंय म्हनं," मी म्हटलं.

"आपलं वऱ्हाड हितनं न्यायचंच न्हाई. तासगाववरनं नेऊ."

पुढे वन्संनी तिला छत्रीच्या खांबाला लावून उभं केलं, उन्हाची तिरीप कुठवर येते ते बघायचं आहे असं सांगून. मग विजूला त्याच खांबाजवळ उभं राहायला लावलं. पाटीलवहिनी हे सगळं कौतुकाने बघत होत्या. त्यांना वाटत असणार की साताऱ्याकडच्या बायका प्रवासात अशाच वागतात.

याच सुमारास तळ्याच्या पलीकडच्या काठावर मला एक निळा कोट दिसला. माणूस लांबून मुंगीएवढा. दोन्ही हात वर करून हलवत होता, मग खाली, मग पुन्हा वर.

"ते काय करतंय वो?"

"व्यायाम," वन्सं म्हणाल्या. "तू हिकडं बघ."

पोहे, दशम्या आणि बेदाणे

मी डबा उघडला. कांदेपोह्यांचा वास छत्रीभर पसरला. मी कागदाच्या ताटल्यांत वाढून पुढे केले. पाटीलवहिनींनी हात जोडले.

"राग मानू नका ताई, आमच्यात न्हाई चालत."

नवऱ्याने मान हलवली. स्नेहलनेही ताटली मागे सरकवली.

आमच्याकडे मुलीच्या माणसांनी मुलाच्या घरचं खाल्लं नाही, म्हणजे समजून घ्यायचं. गेल्या वर्षीच्या त्या लोकांनी निदान चहा तरी घेतला होता. मी विजूकडे बघितलं नाही. बघायचं धाडसच झालं नाही. वन्सं हळूच म्हणाल्या, "आला नकार."

का कुणास ठाऊक, पण त्या क्षणी मी गप्प बसू शकले नाही. मुलगी मला इतकी आवडली होती. मी पाटीलवहिनींना म्हटलं, "आवं ताई, तुमी एकदा आमचं घर तरी बघा. पोरगं माझं बोलत न्हाई लवकर, पर मनात कायबी ठेवत न्हाई. मला ताप आला तवा त्यानं चार दिवस भाकऱ्या थापल्यात. वाकड्या झाल्या, पर थापल्या. म्हशीला काठीनं मारत न्हाई. मानसाला तर काय मारंल?" असं मी बरंच बोलले. बोलता बोलता मलाच नवल वाटत होतं की हा आवाज कुणाचा. विजू माझ्याकडे टक लावून बघत होता.

पाटीलवहिनींचे डोळे भरून आले. "लय गुणाचं पोरगं हाय ओ तुमचं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्यांचा डबा उघडला. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. त्यांच्या दशम्या आमच्यापेक्षा पातळ असतात आणि चटणीत लसूण नसतो, तरी चव लागते. त्यांनी आम्हाला आग्रह करकरून वाढलं. वन्संनी मला डोळ्याने खुणावलं की वारं फिरलं. शेवटी पाटलांनी खिशातून पुडी काढली. घरच्या बागेचे बेदाणे. विजूच्या हातावर मूठभर ठेवून ते म्हणाले, "घ्या, तोंड गोड करा."

तोंड गोड करा! आणखी काय पाहिजे? वन्सं उठल्या, पिशवीतून कुंकवाची डबी काढली, स्नेहलच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्या ओढणीत खण-नारळ घालून ओटी भरली. स्नेहल वाकून वन्संच्या आणि माझ्या पाया पडली. पाटीलवहिनीही खूष. "किती माया लावली ओ तुमी घटकाभरात," म्हणाल्या.

"आता घटकाभराचं काय?" वन्सं म्हणाल्या. "वैशाखातली धरायची का तारीख?"

"कसली तारीख?"

"लग्नाची."

"कुणाच्या?"

तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला, "वैनीऽऽ! पोझिशन चुकली! पोझिशन चुकलीऽऽ!"

आम्ही सगळ्यांनी तळ्याकडे बघितलं. मान मोडलेल्या हंसात निळा कोट, त्यावर केशरी फुगीर जाकीट आणि फेटा घालून सुभेदार भावजी बसले होते. ते एकटेच पाय मारत होते, शेजारची जागा रिकामी, त्यामुळे हंस सरळ यायच्या ऐवजी जागच्या जागी गोल फिरत होता. दर फेरीला भावजींचं तोंड आमच्याकडे आलं की ते एक वाक्य बोलत.

"दगडी पायऱ्या म्हणालो हुतो मी!"

हंस फिरला. पाठ दिसली. पुन्हा तोंड आलं.

"मुलगी पल्याड बसलीया!"

पाठ. तोंड.

"एक तास झाला! त्यास्नी समदं दिसलंय!"

होडीवाल्याने कमरेएवढ्या पाण्यात चालत जाऊन हंस ओढून आणला.

भावजी 'दगडी' हा शब्द बोललेच नव्हते, हे मी शपथेवर सांगते. ते 'पायऱ्या' एवढंच म्हणाले होते. त्यांच्या डोक्यात जुन्या दगडी पायऱ्या, आमच्या पायाखाली नव्या सिमेंटच्या. दोन्हीकडे दुसरी छत्री होती.

पाटलांना सगळं समजलं तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की त्यांना पाणी द्यावं लागलं. "आवं, आमी जैन हाय," ते डोळे पुसत म्हणाले. "देवदर्शन करून घरला चाललोय. हिच्या आईला वाटलं जरा तळं बघू. पोरगा तुमचा लाखात एक हाय, पर काय करणार?" कांदा-बटाटा का चालला नाही, तेही तेव्हा कळलं. सांगलीकडे जैन पाटील पुष्कळ आहेत हे वन्संना ठाऊक होतं. पण तळं बघायला म्हणून आलेलं माणूस खरोखर तळंच बघायला आलं असेल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

स्नेहल नारळ परत द्यायला लागली. पाटीलवहिनी म्हणाल्या, "ओटीतला नारळ परत देत्यात व्हय? ऱ्हाऊ दे." आणि मला जवळ घेऊन म्हणाल्या, "पोहे बिनकांद्याचे करून ठेवा, सून आल्यावर बघायला येतो."

दगडी पायऱ्या

पाण्याच्या कडेने तळ्याभोवती पाऊलवाट आहे. आम्ही चौघं त्या वाटेने पलीकडे निघालो. भावजी कवायतीच्या चालीने पुढे, जाकीट काढायचं विसरलेले. वन्सं पहिल्यांदाच माझ्या मागे चालत होत्या, तोंडाला पदर लावून. नारळ गेला होता, खण गेला होता. उरले होते दोन किलो गार पोहे.

मी विजूला म्हटलं, "माझ्यामुळं तुझं हातचं गेलं रं."

"आये, मला माहीत हुतं ती न्हवं म्हणून," विजू म्हणाला. "गाडी लावताना त्येंच्या गाडीशेजारीच लावली. त्येंचा डायव्हर तिथंच म्हणाला, मालक देवदर्शन करून घरला चाललेत, खाली दुसऱ्या छत्रीला बसलेत."

"मग बोलला का न्हाईस?"

"सांगायलाच आलो हुतो. वाटलं सुभेदारकाका येऊस्तोर बसू. मग तू बोलाय लागलीस. तुला एवढं बोलताना मी कवाच बघितलं न्हवतं."

वाट अरुंद होती, पायाखाली बघणं भाग होतं.

दगडी पायऱ्यांवर ती माणसं ओळीने बसली होती. मुलीचे आई-वडील, थोरला भाऊ आणि मुलगी. मुलीचं नाव पूनम. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला आहे. उभट चेहरा, केस घट्ट बांधलेले, नजर सरळ. तिच्या आईचं तोंड लाल झालं होतं.

"या," ती म्हणाली. "तिकडचा कार्यक्रम उरकला का? कुंकू लावल्यालं दिसलं आमाला. दोन-दोन पोरी एका दिवसात बघता व्हय तुमी?"

मी वन्संकडे बघितलं. वन्संनी तळ्याकडे बघितलं. भावजी घसा खाकरून सांगायला लागले, "त्याचं काय झालं, पोझिशन—"

"तुमी थांबा," पूनमची आई म्हणाली. "ह्यांना बोलू द्या."

'ह्यांना' म्हणजे मला. माझे हात पदराकडे गेले. पण घटकाभरापूर्वी मी परक्या माणसांपुढे पोरासाठी बोललेच होते. मी म्हटलं, "चुकलं आमचं. त्येंचंबी आडनाव पाटील, आमाला वाटलं तीच मानसं तुमी. ती मानसं फक्त तळं बघायला आली हुती. तुमाला हितं ताटकळत बसवलं, तुमच्या पोरीसमोर दुसरीची ओटी भरली. रागवाल तेवढं थोडंच हाय. पर पोरावर राग धरू नका. ह्यात त्यानं कायबी केलं न्हाई."

मग पूनम स्वतःच बोलली. "मावशी, एक विचारू? ती पोरगी आवडली हुती नव्हं तुमाला? खरं सांगा."

वन्संनी मला मागून चिमटा काढला. पण मला खोटं बोलायला जमत नाही, त्याला फार शब्द लागतात. मी म्हटलं, "व्हय. आवडली हुती."

वन्संनी कपाळाला हात लावला. भावजींनी डोळे मिटले. पूनमची आई थोडी पुढे सरकली. "व्हय का?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "कुणाची ती? लग्न झालंय का तिचं? आमच्या थोरल्याला दोन वर्सं झाली बघतोय. पाटील म्हनं न्हवं?"

"जैन हायत," मी म्हटलं.

"अरारा," ती मनापासून म्हणाली. थोरल्या भावाने मान खाली घातली.

पूनम हसायला लागली. तिचं बघून मला हसू आलं, आणि मग त्या दगडी पायऱ्यांवर सगळे हसायला लागले. पूनमच्या वडिलांनी विचारलं, "पोहे हायत का संपले?" मी डबा काढला. गार झालेले पोहे त्यांनी बोटं चाटून खाल्ले. एक तास बसून त्यांना भूक लागली होती.

खाऊन झाल्यावर वन्संनी थोडा जीव धरला. "बाळ," त्या पूनमला म्हणाल्या, "तेवढी ती पाटी—"

"पाटी त्येंना वाचू दे," पूनम विजूकडे बोट करून म्हणाली. "त्या पोरीला तुमी चालवलं, उभं केलं, मापबी घेतलं. समदं बघितलंय आमी. आता मी बघती."

या काठालाही तशीच पाटी होती. विजू उठला. चौतीस वर्षांचा माझा मुलगा पाटीसमोर शाळेतल्यासारखा हात मागे बांधून उभा राहिला आणि वाचायला लागला. 'वऱ्हाड' शब्दापाशी अडखळला, पण पुढे गेला. पूनमने त्याला झाडापर्यंत चालून यायला सांगितलं. तो चालून आला. येणारे-जाणारे थांबून बघत होते. ते खाकीवाले बुवाही येऊन उभे राहिले होते. विजूचं तोंड लाजेने काळंनिळं झालं असेल असं मला वाटलं. पण तो हसत होता.

"चाल चांगली हाय," पूनम म्हणाली. मग आईकडे वळून म्हणाली, "आमी तळ्याला एक फेरी मारून येतो."

भावजींनी घड्याळ बघितलं. "एका फेरीला पंचवीस मिनिटं," म्हणाले. दोघं पाण्याच्या कडेने निघाली. पुढे पूनम, मागे विजू. थोड्या अंतराने बरोबरीने.

आम्ही सगळे पायऱ्यांवर एका ओळीत बसलो. मी, वन्सं, भावजी, पूनमचे आई-वडील, भाऊ आणि बुवा. ती दोघं वळणावर गेली की आमच्या माना वळत. कातळाआड गेली की आम्ही थांबत होतो. एकदा पूनम थांबून काहीतरी बोलली आणि विजू हातवारे करून सांगायला लागला. "म्हशींची नावं सांगतोय," वन्सं म्हणाल्या. पलीकडच्या सिमेंटच्या पायऱ्यांपाशी ती पोचली तेव्हा ठिपक्याएवढी दिसत होती. बुवा हळूच म्हणाले, "लय लोक फेरी घालत्यात, पर अर्ध्यातनं माघारी येत्यात." पूनमच्या आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते एक पायरी खाली सरकून बसले.

ती दोघं अर्ध्यातून परतली नाहीत. हळूहळू मोठी होत आमच्याकडे आली. चेहरे दिसायला लागले. मी विजूच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत होते. बोटात बोटं घट्ट धरली होती, दुखायला लागली तरी सोडवेनात. भावजी घड्याळ बघून म्हणाले, "चोवीस." वन्सं पदर सावरून उठून उभ्या राहिल्या. पूनमच्या वडिलांनी चपला घातल्या. दोघं पायऱ्यांच्या अगदी खालच्या दगडापाशी आली.

आणि वर चढली नाहीत. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोलत बोलत तशीच पुढे निघून गेली.

पूनमच्या वडिलांनी चपला पुन्हा काढल्या. तिच्या आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसा वैनी," ती म्हणाली. "अजून पंचवीस मिनिटं."